वाऱ्यामागं धावणारा सामुराई



या आठवड्यात आपण चक्क एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहोत. हसू नका हं! शाळेतल्या बाईसुद्धा कधीकधी गेम बघतात.

खेळाचं नाव 'घोस्ट ऑफ त्सुशिमा', म्हणजे त्सुशिमाचं भूत. अमेरिकेतल्या 'सकर पंच' नावाच्या कंपनीनं तो बनवला आणि २०२० साली तो बाजारात आला. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या शेजारी बसून दोन संध्याकाळी मी हा खेळ पाहिला. पहिल्यांदा बघताना काय वाटलं, ते सांगते.

सगळ्यात आधी नजरेत भरला तो वारा! अशा खेळांना 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. म्हणजे ठरलेली एकच वाट नाही. डोंगर, रान, समुद्रकिनारा, हवं तिकडे घोडा दौडवायचा. मग रस्ता कसा सापडायचा? इतर खेळांत पडद्यावर बाण नाहीतर छोटा नकाशा असतो. इथे वाऱ्याला बोलवायचं! झुळूक येते, गवताचे पांढरे तुरे एका बाजूला झुकतात, पानं उडू लागतात. वारा जाईल तिकडे आपण जायचं. कधी पिवळा पक्षी पुढे उडतो, तर कधी कोल्हा देवळापाशी घेऊन जातो. आहे की नाही गंमत?

पण मुलांनो, त्सुशिमा हे खरंखुरं बेट आहे बरं का! नकाशाचं पुस्तक उघडा. जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्रात ते सापडेल. कोरियाचा किनारा तिथून जेमतेम ५० किलोमीटरवर.

१२७४ साली मंगोल सम्राट कुब्लाईखानाचं आरमार या बेटावर चालून आलं. बेटाचा कारभारी होता सो सुकेकुनी. त्याच्याजवळ ८० च्या आसपास घोडेस्वार होते, असं सांगतात. समोर जहाजंच जहाजं! तरीही ते कोमोदाच्या किनाऱ्यावर लढले आणि तिथेच पडले. १२८१ साली कुब्लाईखानानं पुन्हा स्वारी केली. तेव्हा मोठं वादळ झालं आणि त्याच्या आरमाराची दाणादाण उडाली. त्या वादळाला जपानी लोक 'कामिकाझे' म्हणू लागले. कामिकाझे म्हणजे देवांचा वारा.

खेळाची सुरुवात याच कोमोदाच्या लढाईनं होते. पण त्याचा नायक जिन साकाई मात्र कल्पनेतला आहे. त्याचा शत्रू खोतुनखान, तोही कल्पनेतलाच. जिनच्या मामांनी त्याला शिकवलेलं असतं, शत्रूशी समोरासमोर लढायचं. पण माणसं थोडी, शत्रू अफाट. मग जिन अंधारात लपून वार करू लागतो. मामांना ते पटत नाही. दिलेला शब्द पाळायचा की गावकऱ्यांचे जीव वाचवायचे? मला तर ही ओढाताणच खेळात सगळ्यात मोलाची वाटली. तुमचं काय मत?

आता जरा चिकित्सा करू. खेळात जिन निवांत बसून हायकू रचतो. पण हायकू बहरली ती सतराव्या शतकात, कवी बाशोच्या काळात. म्हणजे जिननंतर जवळजवळ ४०० वर्षांनी! त्याच्या कमरेची तलवारही पुढच्या काळातली. १२७४ चा सामुराई मुख्यतः घोड्यावरून बाण मारणारा तिरंदाज होता. म्हणून लक्षात ठेवा, खेळ बघून इतिहासाची गोडी लागेल, पण इतिहास शिकायचा तो पुस्तकातूनच.

एक छान गोष्टही सांगते. २०२० च्या सप्टेंबरात खऱ्या त्सुशिमाला वादळानं झोडपलं. वाताझुमी देवस्थानची एक कमान कोसळली. तिच्यासाठी ५० लाख येनची मदत मागितली होती, जमले २ कोटी ७० लाखांहून जास्त! देणाऱ्यांत हा खेळ खेळणारे कितीतरी जण होते. खेळामुळे ते बेट त्यांना आपलंसं वाटलं होतं ना!

आता कडू गोळी. हा खेळ तुमच्यासाठी नाही. युरोपात त्याच्या वेष्टनावर १८ वर्षांचा शिक्का आहे. त्यात रक्तपात फार आहे, जळणारी गावं आहेत. खेळात जिन पडला तर बटण दाबलं की पुन्हा उभा राहतो. कोमोदाच्या किनाऱ्यावर पडलेल्यांना असं बटण नव्हतं. हे नीट कळायला थोडं मोठं व्हावं लागतं.

पालकांनो, गेम आणण्याआधी वेष्टनावरचा वयाचा आकडा जरूर बघा. आणि "बंद कर ते!" म्हणण्याआधी दहा मिनिटं मुलाशेजारी बसा. तो काय बघतोय, त्यातलं खरं किती, यावर बोला. नुसत्या ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आणि हो, गृहपाठ! शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवली. तीन छोट्या ओळी, बस्स. या रविवारी गच्चीवर नाहीतर शेताच्या बांधावर जा. वारा कुठून कुठे जातोय ते बघा, आणि त्यावर तुमची पहिली हायकू लिहा. त्याला ना प्लेस्टेशन लागतं, ना वयाची अट!

पुढच्या आठवड्यात भेटू या.

तुमच्या,
बाई