बुडाले म्हणजे गेले कुठे?
२३ मार्च २०२० च्या सोमवारी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त कोसळला. पहिल्या तासातच दहा टक्क्यांचं सर्किट लागलं आणि बाजार पाऊण तास थांबवावा लागला. मोबाइलवर एका शेअरच्या खरेदीच्या रकान्यात नुसतं शून्य दिसत होतं. विकणारे हजारो, घेणारा कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी मथळे आले, ‘गुंतवणूकदारांचे लाखो कोटी बुडाले’. ‘बुडाले’ हा शब्द मला खटकतो. संध्याकाळी भाजीवाली ‘वीसची जुडी दहाला’ म्हणते, तेव्हा तिच्या टोपलीतली न विकलेली कोथिंबीरही त्याच क्षणी निम्म्या किमतीची होते. बाजारमूल्याचा हिशोबही असाच: शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले सगळे शेअर. विकला गेलेला प्रत्येक शेअर मात्र कोणीतरी घेतलेलाच असतो. त्या महिन्यात परदेशी संस्थांनी साठ हजार कोटींहून जास्त किमतीचे शेअर विकले, त्यातले बरेचसे आपल्याच म्युच्युअल फंडांनी आणि विमा कंपन्यांनी उचलले. खरे बुडाले ते उसनवारीवर खेळणारे. मार्जिनसाठी, म्हणजे उधारीपोटी आणखी तारण भरा म्हणून, ब्रोकरचा फोन आला की भाव बघून विकण्याची चैन उरत नाही. मग वाईटाबरोबर चांगलाही शेअर काढावा लागतो, कारण गिऱ्हाईक त्यालाच असतं.