तिसरी मुदतवाढ खपवून घेणार नाही

नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन, रिझर्व्ह बँक आणि केंद्रीय अर्थ मंत्रालय यांना किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशीम) येथील दुकानदार व शेतकऱ्यांच्या वतीने जाहीर इशारा:

येत्या ३१ डिसेंबर २०२६ ला एक मुदत संपते आहे. यूपीआयच्या एकूण व्यवहारांत कोणत्याही एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांच्या वर नसावा, हा नियम कॉर्पोरेशननेच नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केला. आम्ही मोर्चा काढून तो मागितला नव्हता. तेव्हा वर गेलेल्या कंपन्यांना दोन वर्षं दिलीत. डिसेंबर २०२२ मध्ये आणखी दोन दिलीत. ती संपता संपता, ३१ डिसेंबर २०२४ ला, पुन्हा दोन. आणि झालं काय? २०२० साली फोनपे आणि गुगल पे या दोघांकडे मिळून साधारण ८० टक्के व्यवहार होते, २०२५ मध्येही आकडा तिथेच घुटमळत होता. आमचं पीककर्ज वेळेत भरलं गेलं नाही तर व्याजाची सवलत जाते. नियम सगळ्यांना सारखा लावा.

हा मुंबई-दिल्लीचा विषय आहे असं कुणी समजू नये. मृग लागला की आमच्या भागात कृषी केंद्रासमोर गर्दी होते. सोयाबीनच्या बियाण्याची बॅग खांद्यावर, खताच्या गोण्या दारात, आणि काउंटरवर प्लास्टिकमध्ये मढवलेला स्कॅनर. खिशात नोट नसते, सगळे पैसे फोनमध्ये. काउंटरवरचा बोलका डबा ‘प्राप्त झाले’ बोलला की गोणी गाडीत चढते, नाही बोलला की दारातच राहते. पाऊस मात्र थांबत नाही, वाफसा निघून जातो.

एकच ॲप बंद पडलं की सगळं अडतं, हे देशाने पाहिलं आहे. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले आणि त्याच रात्री फोनपे ठप्प झालं, कारण त्याचे व्यवहार त्या एकाच बँकेमार्फत जात होते. जवळजवळ दिवसभर लोक फोन हातात घेऊन बसले. त्यानंतर आठ महिन्यांनी ३० टक्क्यांचा नियम आला. तो धडा एवढ्यात विसरलात?

मोठं असणं हा गुन्हा नाही. २००२ चा स्पर्धा कायदाही तसं म्हणत नाही. कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराला पकडतं. पण दुसरं कुणी उरलंच नाही की दर कोण ठरवतं, हे आम्ही पाहिलं आहे. आधी फोनपेने आणि मग गुगल पेने मोबाइल रिचार्जवर रुपया-दोन रुपये शुल्क लावलं. रक्कम छोटी आहे, मजुराच्या दर महिन्याच्या रिचार्जमधून जाते, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही.

लहान ॲप का वाढत नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक आहे. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही. हे आमच्या हिताचं आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे. पण मग कमाई कशातून? फोनपेमागे वॉलमार्ट, गुगल पेमागे गुगल. ते वर्षानुवर्षं तोटा सोसतील, नवा माणूस सहा महिन्यांत दुकान बंद करील. म्हणून सरकार देतं त्या प्रोत्साहन निधीतला (२०२४-२५ साठी तो १,५०० कोटी रुपये होता) ठरावीक हिस्सा लहान ॲपसाठी राखून ठेवा.

‘ग्राहकांची गैरसोय होईल’ हे कारण आता पुढे करू नका. कॉर्पोरेशनने मार्च २०२१ मध्ये काढलेल्या कार्यपद्धतीतच उपाय लिहिला आहे: मर्यादा ओलांडली की नवे ग्राहक जोडणं थांबवायचं. त्याने जुन्या ग्राहकाचा एकही व्यवहार अडत नाही. अडतं ते फक्त अंमलबजावणी करणाऱ्याचं मन.

मुदत तिसऱ्यांदा वाढली तर १ जानेवारी २०२७ पासून आम्ही पुढीलप्रमाणे वागू. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये भीम किंवा त्याच्या बँकेचं ॲप काउंटरवरच सुरू करून देऊ. स्कॅनर कोणाचाही असो, पैसे या ॲपवरूनही भरता येतात; वाटा मोजला जातो तो पैसे पाठवणाऱ्याच्या ॲपचा. म्हणजे तुम्ही जे सहा वर्षांत केलं नाही ते आम्ही दुकानागणिक करू, आणि मालेगाव, शेलुबाजार, वाशीमच्या व्यापाऱ्यांनाही करायला लावू. शिवाय शुल्काच्या नोंदी आणि अडवणुकीचे पुरावे जमा करून भारतीय स्पर्धा आयोगाकडे कलम १९ खाली तक्रार दाखल करू. गावच्या माणसाला तिथे कोण विचारतो, असं वाटत असेल तर गुगलला विचारा: अँड्रॉइड प्रकरणी ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना झालेला १,३३७.७६ कोटींचा दंड तीन वापरकर्त्यांच्या तक्रारीतून उभा राहिला होता.

नवी मुदतवाढ देणार नाही, असं लेखी उत्तर ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत पाठवा. ते मराठीत पाठवा. ग्रामपंचायतीसमोर सगळ्यांना वाचून दाखवायचं आहे.