बत्तीसचा एमसीबी नको गं बाई



सिरसाळ्यात काय आणि परळीत काय, घरातला एमसीबी सारखा पडायला लागला की एकच उपाय सांगितला जातो. "सोळाचा काढा, बत्तीसचा टाका." वायरमन येतो, दहा मिनिटांत बदलून जातो, पडणं थांबतं आणि घरचे सगळे खूश. माझा या उपायाला ठाम विरोध आहे.

बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं, ट्रायल बॅलन्स जुळला नाही की फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकायची आणि मग चूक शोधायची. पुष्कळ जण नुसतं टाकूनच मोकळे व्हायचे. मोठा एमसीबी म्हणजे तेच. फक्त वहीतली चूक भिंतीला आग लावत नाही.

एमसीबी गिझरसाठी किंवा फ्रिजसाठी बसवलेला नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. आत दोन धातूंची एक पट्टी असते. जास्त करंट वाहिला की ती तापते, वाकते आणि खटका पाडते. शॉर्ट सर्किट झालं तर आतली कॉइल क्षणात पाडते. अडीचच्या वायरला साधारण वीस अँपिअर झेपतात. तिच्यावर बत्तीसचा एमसीबी बसवला की तो तिला तीस अँपिअरसुद्धा तासन्‌तास वाहू देतो. माझ्या नणंदेकडे हेच झालं. सहा महिने शांतता. दिवाळीच्या आवराआवरीत कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर वायरच्या रेषेत काळा पट्टा आणि जळका वास. खटका एकदाही पडला नव्हता. सासऱ्यांच्या काळी चिनी मातीच्या कटआउटमध्ये लोक जाड तार दुमडून घालायचे, त्याचीच ही नवी आवृत्ती.

आता जरा हिशेब करू. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. सकाळची वेळ धरा. नवकारशी व्हायची आहे, नातवंडांची शाळा आहे, सगळं एकदम. गिझर २०००, इंडक्शन २०००, इस्त्री १०००, मिक्सर ७५०. बेरीज ५७५०, भागिले २३०, बरोबर २५ अँपिअर. जुन्या घरात हे सगळं एकाच सोळाच्या लाइनवर असतं. सोळाचा एमसीबी सतराला पडत नाही, बरं का. सुमारे तेवीसच्या वर गेलं की तासाभरात पडतोच, मधल्या आकड्यांना कधी पडतो, कधी नाही. म्हणून आपल्याला वाटतं, काल तर चाललं होतं, आज काय झालं! काल सुनेने इस्त्री रात्रीच करून ठेवली होती, एवढंच झालेलं असतं. चौविहाराच्या आधी संध्याकाळी सगळ्या घरांत हीच घाई असते.

तेव्हा आधी पाहायचं, पडतो कधी. चढवताक्षणी पडत असेल तर शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा चढवत बसू नका, माणूस बोलवा. दहा-वीस मिनिटांनी पडत असेल तर लोड जास्त आहे, किंवा आतला स्क्रू ढिला होऊन एमसीबीच तापतो आहे. जवळ जाऊन वास घ्या, करपल्यासारखा येतो. फक्त पावसात पडत असेल तर अंगणातला दिवा, गच्चीवरचं बटण, न्हाणीघरातला सॉकेट बघायला सांगा. आणि व्होल्टेज कमी असताना बोअरची मोटर लावली की पडत असेल तर नवल नाही. व्होल्टेज उतरलं की मोटर जास्त करंट ओढते.

दोष कोणत्या वस्तूत आहे हे शोधायला मात्र वायरमन लागत नाही. त्या लाइनवरचे सगळे प्लग काढायचे, एमसीबीचा खटका आधी पूर्ण खाली दाबायचा (पडल्यावर तो बऱ्याचदा मध्येच अडकतो) आणि मग वर करायचा. टिकला तर एकेक वस्तू लावत जायचं. व्हाउचर एकेक टिक करतो ना, तसं. सगळे प्लग काढूनही पडला तर दोष भिंतीत आहे. तिथून पुढे आपला हात नको. बोर्डाचं झाकण उघडायचं काम आपलं नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगते.

आपल्याला बाहेर बोट दाखवायची सवय आहे. त्याला कारणही आहे. परळीचं औष्णिक केंद्र उशाशी असून भारनियमन भोगलं, २०१५ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावं लागलं. पण शेजारणीकडे लाइट आहे आणि आपल्याकडे नाही, तर खोट बहुतेक आपल्याच घरात असते.

आणखी एक. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. तो ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरला ओल्या हाताने शिवून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. इतक्या थोड्या गळतीला एमसीबी ढिम्म हलत नाही. घर बांधताना फॉल्स सीलिंगमध्ये रंगीत दिवे घालायला पैसे असतात, या डबीच्या वेळी मात्र "बघू पुढे". मला याचा राग येतो. अर्थिंगही बघा. आपल्याकडे मार्चपासून जमीन कोरडी ठाक पडते, अर्थिंगचा खड्डाही सुकतो. त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं.

बोर्डाच्या पेटीला जिथून वायर आत जातात ती भोकं बुजवून घ्या. मुंग्या, झुरळं, पाली उबेला आत शिरतात. पाल चिकटून मरते आणि लाइन जाते, दोन्ही टळण्यासारखं आहे. काम दहा मिनिटांचं आहे.

आरसीसीबीवर टेस्टचं एक छोटं बटण असतं. ते दाबलं की खटका लगेच पडायला हवा, नाही पडला तर तो बदलायचा. आमच्याकडे ते दर सुदी चौदशीला दाबतात. तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही, तिथी राहते.