वेळेवर धावणाऱ्या गाड्यांची किंमत

सायंकाळची वेळ. जुन्या आग्रा मार्गावर कशेळीच्या पुलापासून अंजूरफाट्यापर्यंत कंटेनरांची रांग लागलेली. पूर्णा येथील थांब्यावर गोदामांतून सुटलेले कामगार, ठाण्याहून परतलेल्या विद्यार्थिनी आणि हातात पिशव्या घेतलेल्या गृहिणी ताटकळत उभ्या. बस दिसत नाही. तीन प्रवाशांचा परवाना असलेल्या रिक्षात चौथा चालकाशेजारी अर्धा बाहेर लोंबकळतो आहे. अशा वेळी एक वयस्क गृहस्थ उद्वेगाने म्हणाले, ‘‘यापेक्षा आणीबाणी बरी होती. निदान गाड्या तरी वेळेवर धावत होत्या!’’ कोणी प्रतिवाद केला नाही. उलट दोन-चार माना डोलल्या.

खोळंबलेल्या बसपेक्षा त्या डोलणाऱ्या मानाच अधिक चिंताजनक वाटतात.

२५ जून १९७५ रोजी लादलेली आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. त्या एकवीस महिन्यांत आपल्यापैकी अनेक घरांतील कर्ती माणसे ‘मिसा’खाली कारागृहात होती. त्यांच्या मागे राहिलेल्या माता-भगिनींना येरवड्याच्या वा नाशिकरोडच्या भेटीसाठी जाताना गाडी वेळेवर मिळाली असेलही. पण ती मिळाली नाही, तर तक्रार कोणाकडे करायची होती? गाड्या वेळेवर धावतात, हे सांगण्यास आकाशवाणी होती. धावत नाहीत, हे छापण्यास मात्र वृत्तपत्र मोकळे नव्हते. एकाच बाजूची साक्ष नोंदवलेल्या खटल्याचा निकाल आपण आजही प्रमाण मानणार आहोत काय?

शिवाय ती शिस्त आली कोठून, हेही पाहिले पाहिजे. मे १९७४ मध्ये लाखो रेल्वे कर्मचाऱ्यांनी संप केला होता. तो मोडून काढला गेला आणि सुमारे वर्षभराने आणीबाणी आली. दंडुक्याच्या धाकाने काटे काही काळ बरोबर चालतात. पण रूळ, डबे, मनुष्यबळ आणि नियोजन धाकाने निर्माण होत नाही. मुसोलिनीच्या इटलीबद्दलही गाड्या वेळेवर धावल्याची अशीच आख्यायिका पसरवण्यात आली. प्रत्यक्षात रेल्वेची बरीचशी दुरुस्ती तो सत्तेवर येण्यापूर्वीच सुरू झाली होती. आजच्या उत्तर कोरियात सामान्य माणसाला दुसऱ्या प्रांतात जाण्यासाठी परवाना लागतो आणि विजेअभावी गाड्या वाटेतच खोळंबून राहतात. तेथे प्रवासी तक्रार करीत नाही. तक्रार नसणे म्हणजे सुख असणे नव्हे.

तथापि, त्या गृहस्थांच्या उद्वेगाला इतिहासाचे उत्तर देऊन चालणार नाही. त्यांचे दुःख खरे आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ या पट्ट्यात गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. देशभरचा माल येथे वेळेवर येतो आणि वेळेवर सुटतो. तो उचलणारा माणूस तेवढा घरी वेळेवर पोहोचत नाही. मालाच्या प्रत्येक खोक्याला त्याचा उत्तरदायी धनी आहे. प्रवाशाला कोण आहे?

दोष येथेच आहे. भोवतालच्या गावांचे नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, बस एस.टी. महामंडळाकडे, वसई-दिवा मार्गावरील मोजक्या गाड्या रेल्वेकडे, गावातील रस्ता ग्रामपंचायतीकडे. शेजारच्या भिवंडी शहराला महानगरपालिका मिळून दोन दशके उलटली, तरी स्वतःची परिवहन सेवा उभी राहिली नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि तिच्या आराखड्यात पूर्णा हे स्थानक आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मेट्रोच्या पायऱ्या उतरल्यावर गोदामापर्यंतचे आणि घरापर्यंतचे अंतर कसे कापायचे, याचा विचार बसनेच होतो. जेथे सर्वांचा अधिकार असतो व कोणाचेच दायित्व नसते, तेथे लोकांना ‘एकच खंबीर हात’ हवासा वाटू लागतो. हुकूमशाहीला वाट करून देते ती अशी बेपर्वाई.

मग उपाय कोणता? लोकशाहीने दिलेली साधने आपण वापरतो तरी का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. थांब्यावर पाच-दहा तरुणांनी आठवडाभर उभे राहून बसच्या वेळा व प्रवाशांची संख्या वहीत नोंदवावी. ती वही ग्रामसभेत ठेवून गोदामांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळी फेरी हवी, असा ठराव करावा. ठरावाचे काय झाले, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने विचारावे. गोदामांच्या मालकांनाही त्यात सहभागी करून घ्यावे. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात घोषणा नाहीत, हारतुरे नाहीत. पण संघटन म्हणजे तरी दुसरे काय असते?

१ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एस.टी. धावली, ती स्वतंत्र देशातील खेड्यापाड्यांच्या माणसालाही वेळेची किंमत आहे, हे मान्य करून. ती मान्यता टिकवण्याचे उत्तरदायित्व शासनाइतकेच आपलेही आहे. पूर्णाच्या थांब्यावर उभी असलेली मुलगी अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचली, तर आणीबाणीची आठवण काढून कोणी हळहळणार नाही. तिची बस आली नाही, तर मात्र आणीबाणीविरुद्ध तुरुंग भोगलेल्यांचा त्याग आपण केवळ स्मरणिकांपुरता उरवला, असे म्हणावे लागेल.