नवी तक्रार, जुनी गोळी

अ‍ॅम्लोडिपिन सुरू केलेला पेशंट दीड-दोन महिन्यांनी पाय दाखवायला येतो. घोट्यापाशी बोट दाबले की खळगा राहतो. दम लागत नाही, लघवीची तपासणी आणि क्रिएटिनिन ठीक. अशा वेळी चिठ्ठीवर लॅसिक्स चढते, आणि सूज तशीच राहते. कारण शरीरात जादा पाणी साठलेलेच नसते. अ‍ॅम्लोडिपिनने सूक्ष्म धमन्या सैल होतात, पुढच्या शिरा तितक्या होत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपते. लघवीच्या गोळीने सोडियम-पोटॅशियम मात्र उतरते, पोटऱ्यांत गोळे येतात आणि त्यासाठी तिसरी गोळी लागते. डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला किंवा जोडीला टेल्मिसार्टन दिले, तर सूज बहुधा ओसरते.

रोशॉन आणि गुरविट्झ यांनी १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलेली ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ ती हीच. एनालाप्रिल, रॅमिप्रिलचा कोरडा खोकला आता बहुतेकांना ओळखता येतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्याच्या पायांतल्या मुंग्या मात्र आपण सरळ मधुमेहाच्या खात्यात टाकतो. बी-१२ तपासायचे राहून जाते.

पण मला खरी काळजी वाटते ती चक्करेच्या गोळ्यांची. स्टेमेटिल चार दिवसांसाठी लिहिलेले असते. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून ते महिनोन्‌महिने आणले जाते. सिनारिझिनचेही तेच. सत्तरीच्या आजींचे हात थरथरू लागतात, पावले आखूड पडतात, चेहरा निर्विकार होतो. पार्किन्सनचे निदान होऊन लेव्होडोपा सुरू होते. दोन्ही बाजूंना सारखाच आणि थोड्या महिन्यांत वाढलेला कंप-ताठरपणा दिसला, तर आधी औषधांवर संशय घ्यायला हवा. गोळी थांबवल्यावर सुधारणेला काही महिने लागू शकतात, हे घरच्यांना तेव्हाच सांगावे. नाहीतर ते पंधरवड्यात दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.

म्हणून नव्या तक्रारीला नवे औषध लिहिण्याआधी घरातली गोळ्यांची सगळी पिशवी टेबलावर मागवा. डोळ्यांच्या डॉक्टरांचे थेंब, काढे, भस्मे, शेजाऱ्याने दिलेली दुखण्याची गोळी, सगळे. कोणते कधी सुरू झाले, ते तारखेनिशी विचारा. आणि औषधाचा संशय आला, तर भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे कळवा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचे काम आहे, टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. खासगी दवाखान्यातूनही कळवता येते, आणि संशय सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नसते.