वेशीवरचा वेसकर ते गेटवरचा गार्ड: जोखीम कुणाच्या वाट्याला?

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात, दीर्घ ड्युटीनंतर सेमिनार हॉलमध्ये विश्रांतीसाठी गेलेल्या प्रशिक्षणार्थी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. देशभरातले डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांचा संताप रास्त होता. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राष्ट्रीय कृती दल नेमले आणि त्या रुग्णालयाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे संरक्षण दिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केंद्र सरकारच्या रुग्णालयांतील सुरक्षा कर्मचाऱ्यांची संख्या २५ टक्क्यांनी वाढवण्याचे आदेश दिले. सगळीकडून एकच मागणी ऐकू आली, ती म्हणजे गार्ड वाढवा आणि कॅमेरे वाढवा.

हा गार्ड कोण आहे, त्याच्या हातात काय आहे आणि त्याने नेमके काय अडवायचे आहे, हे मात्र कुणी विचारले नाही.

या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये ज्याला जन्मठेप झाली तो कोलकाता पोलिसांचा सिव्हिक व्हॉलंटियर होता. पोलिसांच्या नावावर त्याचा रुग्णालयात मुक्त वावर होता. अशा माणसाला गेटवरचा कंत्राटी गार्ड कोणत्या अधिकारात थांबवणार होता? पुढे १४ ऑगस्टच्या रात्री जमाव त्याच रुग्णालयात घुसला आणि त्याने आपत्कालीन विभागाची मोडतोड केली. तो जमाव पोलिसांनाही आवरला नाही. मग शिट्टी आणि काठी घेतलेल्या माणसाकडून आपण कशाची अपेक्षा करतो?

आपल्याकडे कामाच्या ठिकाणची सुरक्षा म्हटले की दारावर एक गणवेशधारी माणूस उभा करायचा, ही समजूत घट्ट झाली आहे. तो माणूस उभा राहिला की मालक, व्यवस्थापन आणि सरकार आपापल्या जबाबदारीतून मोकळे होतात. काही विपरीत घडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वॉचमन काय करत होता?

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. खासगी सुरक्षा रक्षकाला पोलिसांचे कोणतेही अधिकार नाहीत. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायद्याने एजन्सीला परवाना मिळतो, पण गार्डला अधिकार मिळत नाही. उलट पोलीस वा सैन्यासारखा गणवेश घातला तर तो गुन्हा ठरतो. त्याच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर तो गुन्हेगाराला पकडून ठेवू शकतो. हा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली कोणत्याही सामान्य माणसाला आहे, आणि पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. स्वसंरक्षणाचा हक्कही त्याला तुमच्या-आमच्याइतकाच आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत गेटवरचा गार्ड हा धोक्याच्या सगळ्यात जवळ उभा केलेला साधा नागरिक आहे.

केंद्राच्या नमुना नियमांनुसार त्याला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असे १६० तासांचे प्रशिक्षण, किमान २० कामाच्या दिवसांत मिळायला हवे. गणवेश मिळाला त्याच दिवशी ड्युटीवर उभा राहिलेला गार्ड ज्याने पाहिला आहे, त्याला हा नियम कुठे राहतो हे वेगळे सांगायला नको. बारा तासांची पाळी, रिलिव्हर आला नाही तर डबल ड्युटी, बसायला मोडकी खुर्ची आणि लघवीला जायचे तर गेट कुणाच्या भरवशावर सोडायचे ही चिंता. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा या देशात १९४६ साली कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आली. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आज गार्ड तेवढे तास चार दिवसांत भरतो.

याच देशात दुसऱ्या एका गोष्टीच्या रक्षणाचे नियम किती बारकाईने लिहिले आहेत ते पाहा. २०१८ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने रोकड वाहतुकीसाठी नियम केले. शहरी भागात रात्री नऊनंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत, ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर नाही, नक्षलग्रस्त भागात चारनंतर नाही. एका फेरीत पाच कोटींपेक्षा जास्त रक्कम न्यायची नाही. गाडीत चालकाशिवाय दोन सशस्त्र रक्षक हवेत. नोटांना अंधाराची भीती आहे, हे सरकारला कळते. रात्रपाळी संपवून एकटी घरी जाणारी नर्स, पहाटे वॉर्ड झाडायला येणारी कामगार स्त्री आणि रात्रभर गेटवर एकटा बसलेला गार्ड यांच्यासाठी इतक्या काटेकोर वेळा आणि मर्यादा कुणी ठरवल्या नाहीत. आणि नोटांसाठी केलेले नियमही नोटा हाताळणाऱ्या माणसापर्यंत येईतो विरून जातात. १६ जानेवारी २०२५ रोजी कर्नाटकातल्या बीदरमध्ये भर दिवसा एटीएममध्ये पैसे भरायला आलेल्या खासगी कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात एकाचा जीव गेला. त्याच दिवशी पहाटे मुंबईत एका चित्रपट अभिनेत्यावर त्याच्या घरात चाकूहल्ला झाला होता. वाहिन्यांवर कोणती बातमी किती दिवस चालली, हे वाचकांना आठवत असेल.

आता जातीकडे येऊ, कारण हे सगळे जातीशिवाय समजत नाही.

गावाची वेस राखणे हे महाराष्ट्रात महारांकडे लादलेले काम होते. वेसकराने रात्री वेस राखायची, आल्या-गेल्या परक्याची खबर पाटलाला द्यायची, शिवेचा वाद झाला तर साक्षीला उभे राहायचे. गावाचे रक्षण करणारा हा माणूस राहायचा मात्र गावाबाहेर. राखणदारीवर रामोशी आणि भिल्लही होते, आणि इंग्रजी राजवटीत गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या समाजांनाच बंगल्यांवर पहारेकरी ठेवण्याची रीत होती. उत्तर प्रदेशात पासी आणि बिहारमध्ये दुसाध समाजातून चौकीदार घेतले जात. म्हणजे प्रदेश बदलला तरी तर्क एकच होता: ज्याला उंबऱ्याच्या आत यायला मनाई, त्यानेच उंबरा राखायचा.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, ते याच व्यवस्थेच्या मुळाशी हात घालण्यासाठी. चोवीस तास हुकमाची ताबेदारी, मोबदला नाममात्र, वतनदार जागेवर नसेल तर त्याच्या घरातल्या कुणालाही कामाला जुंपायचे, आणि काम सरकारचे पण मजुरी गावकऱ्यांच्या मर्जीवर, हे त्यांनी कौन्सिलपुढे ठेवले. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले.

आजच्या गार्डची नोकरी वतनाची नाही. ती जन्माने लादलेली नाही, ती सोडता येते, आणि गणवेशात अनेक जातींचे लोक आहेत. शेती तुटलेला मराठा, कुणबी, धनगर आहे, बिहार, ओडिशा, आसाम, झारखंडहून आलेला दलित, आदिवासी, मागासवर्गीय तरुण आहे, नेपाळी आहे. पण नात्याची रचना ओळखीची वाटते. काम एकाचे, पगार दुसऱ्याकडून. मालक म्हणतो एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते मालकाने बिल दिले नाही. कामाला हद्द नाही: गेट राखा, गाड्या पुसा, सामान वर पोचवा, कुत्रा फिरवून आणा. आणि अपमान हा पगारातच धरलेला असतो. २०२२ साली नोएडातल्या एका सोसायटीत गेट उघडायला उशीर झाला म्हणून गार्डची कॉलर धरून त्याच्या बिहारी असण्यावरून शिवीगाळ झाली, तेव्हा चित्रफीत पसरली म्हणून अटक झाली. कॅमेरा नसलेल्या गेटांवर काय चालते, ते गार्डच जाणतात.

यातला सर्वात क्रूर भाग असा की या माणसाकडून त्याच्याच माणसांना अडवण्याचे काम करून घेतले जाते. घरकामगार बाईची पिशवी तपासायची, डिलिव्हरीच्या पोराला वेगळ्या लिफ्टकडे पिटाळायचे, विद्यापीठाच्या गेटवर आंदोलक विद्यार्थ्याला रोखायचे. सरकारी रुग्णालयात खाट नाही, औषध नाही, डॉक्टर अपुरे आहेत, आणि हे सत्य खेड्यातून आलेल्या नातेवाइकाच्या तोंडावर सांगायचे काम गार्डवर येते. चिडलेल्या नातेवाइकाची पहिली थप्पड त्यालाच बसते. महाराष्ट्रात वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे. त्यात डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय आणि परिचर्या विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी यांचा नावाने उल्लेख आहे. दारात उभ्या असलेल्या गार्डचे नाव त्या यादीत नाही.

मग गार्डला बंदूक द्यावी का? काही संघटना हीच मागणी करतात. आमचे उत्तर नाही असे आहे. सोळा तास उभा असलेला, अपुरे प्रशिक्षण मिळालेला, उद्या नोकरी राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस गर्दीत बंदूक घेऊन उभा करणे म्हणजे आणखी एका जोखमीची भर. आणि ती बंदूक रोखली जाईल कुणावर? सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत पैसेवाला माणूस नसतो. तिथे दोन्ही बाजूंना आपलीच माणसे उभी असतात. जिथे सशस्त्र बंदोबस्त खरोखर लागतो तिथे तो कायद्याला उत्तरदायी असलेल्या सरकारी दलाने द्यावा. २६/११ नंतर महाराष्ट्राने २०१० साली राज्य सुरक्षा महामंडळाचा कायदा केला, तो या विचारानेच.

निःशस्त्र माणूस निरुपयोगी असतो, असाही याचा अर्थ नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला तेव्हा केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कमलेश कुमारी यांच्या हातात शस्त्र नव्हते. त्यांनी आरडाओरडा करून सावध केले आणि गोळ्या झेलल्या. संसदेच्या वॉच अँड वॉर्ड विभागाचे जगदीश प्रसाद यादव आणि मातबर सिंह नेगी यांनी नि:शस्त्र असूनही दरवाजे बंद करण्यासाठी धाव घेतली. तिघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर काढले. निःशस्त्र माणसाचे काम पाहणे, सावध करणे, दार लावणे आणि लोकांना वाट दाखवणे हेच आहे. पण त्यासाठी लावता येईल असे दार हवे, दाबता येईल अशी धोक्याची घंटा हवी, आणि ती वाजल्यावर काही मिनिटांत येणारे कुणीतरी हवे. या तीन गोष्टी नसतील तर गार्ड म्हणजे केवळ पहिला बळी.

कामाची जागा सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व या देशात आले कुठून, हेही विसरू नये. राजस्थानात भंवरी देवी या कुंभार समाजातल्या साथिन सरकारी योजनेचे काम म्हणून बालविवाह रोखत होत्या. त्यासाठी १९९२ साली गावातल्या वरचढ जातीच्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना सोडले. पण त्यातूनच १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. त्या कायद्याचे कलम १९ मालकाला बांधते: कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण दिले पाहिजे. ही जबाबदारी ठेक्यावर देता येत नाही. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदाही कलम १२ मध्ये हेच म्हणत आला: ठेकेदाराच्या कामगाराला इजा झाली तर मूळ मालकही देणे लागतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. गार्डची पाळी आठ तासांची करा आणि रिलिव्हरची सोय मूळ मालकावर टाका. रात्री एकट्याला उभे करू नका. १६० तासांचे प्रशिक्षण झाल्याचा दाखला नसेल तर एजन्सीचा परवाना रद्द करा. रुग्णालय कायद्यांत गार्ड आणि सफाई कामगार यांची नावे घाला. जातीवरून शिवी दिली तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार नोंदवायला मूळ मालकाने मदत करावी आणि त्यासाठी गार्डची बदली करू नये. महाराष्ट्राने १९८१ साली माथाडी कायद्याच्या धर्तीवर सुरक्षा रक्षक मंडळाची वाट दाखवली आहे. त्यात नोंदणी मंडळाकडे, पगार मंडळामार्फत, आणि भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ हक्काचे. कलम २३ खालच्या सवलतींनी ती वाट पोखरली जाऊ नये, आणि इतर राज्यांनी तिचे अनुकरण करावे. आणि एजन्सींनी आपल्या कामगारांची सामाजिक रचना जाहीर करावी: गेटवर कोण, सुपरवायझर कोण आणि मालक कोण.

डॉक्टर, नर्स आणि शिक्षकांच्या संघटनांनाही एक सांगणे आहे. पुढच्या वेळी सुरक्षेची मागणी कराल तेव्हा त्या मागणीपत्रात गार्ड हा सुरक्षेचे साधन म्हणून लिहू नका, सहकारी कामगार म्हणून लिहा. त्याच्या पाळीचे तास, त्याचा पगार आणि त्याचा जीव तुमच्या मागण्यांत नसेल, तर तुमच्या सुरक्षेची किंमत त्याच्याकडून वसूल होत राहील.