आधी वही काढा, मग पाकीट

"नेट पुन्हा गेलं!" आपल्या घरांतून हे वाक्य आता रोज ऐकू येते. पाच मिनिटांनी ते आपोआप परत येते, आपण कामाला लागतो आणि विसरून जातो. दुपारी पुन्हा जाते. कोणी केबलवाल्याला शिव्या घालतो, कोणी पेटीचे बटण बंद-चालू करतो, कोणी बाजारात जाऊन नवी पेटी घेऊन येतो. बिघाड मात्र जिथल्या तिथेच राहतो.

आपल्यापैकी बहुतेकांचे घर आणि धंदा एकाच छताखाली असतो. खाली कारखाना, वर कुटुंब आणि जिन्याजवळच्या खोलीत संगणक. हा संगणक मुलांच्या अभ्यासाचाही आहे आणि धंद्याच्या हिशेबाचाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. राज्याबाहेर ५० हजार रुपयांहून जास्त किमतीचा माल पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला पुढच्या महिन्याची २० तारीख गाठावी लागते. चुकली तर दिवसाला ५० रुपये, व्यवहार शून्य असला तरी २० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. टेम्पो दारात उभा आहे, हमाल खोळंबले आहेत आणि बिल निघत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. म्हणून तुटणारे कनेक्शन ही आता केवळ घरातली कटकट राहिलेली नाही, तो धंद्याचा तोटा आहे.

याविषयी आमचे एकच म्हणणे आहे. जो बिघाड येतो आणि जातो, त्याच्यासाठी आधी वही काढावी, पाकीट नंतर.

आमच्याच घरची गोष्ट

हे शहाणपण आम्हांला फुकट मिळालेले नाही. आमच्या घरी खाली धाकट्या भावाचा आठ मशीनचा शिलाई कारखाना आहे. वरच्या मजल्यावर संगणक. दिवसातून तीन-चार वेळा कनेक्शन तुटायचे. आम्ही केबलवाल्याला फोन केला. त्याचा मुलगा आला, तपासून म्हणाला, "चाचा, लाइन तर चालू आहे." तो गेला आणि तासाभरात नेट पुन्हा गेले. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी आम्ही त्याला नको ते बोललो. मग सिग्नल वाढवणारी एक पेटी विकत आणली. तिने काही झाले नाही. मग जास्त वेगाचा, जास्त पैशांचा प्लॅन घेतला. त्यानेही काही झाले नाही.

शेवटी घरातल्या मुलीने शाळेची जुनी वही घेतली आणि नेट गेले की वेळ लिहायला सुरुवात केली. आठ दिवसांनी आम्ही ती वही पाहिली. सकाळी नऊ, दुपारी दोन, सायंकाळी पाच. रविवारी एकही नोंद नाही. ज्याला कारखाना माहीत आहे त्याला आणखी काही सांगायला नको. सकाळी काम सुरू होते, दुपारी जेवणाची सुट्टी संपते, सायंकाळी चहानंतर माणसे परत बसतात आणि आठही मोटारी एकदम चालू होतात. मोटार सुरू होताना चालत्या मोटारीच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्या क्षणी घरातला दाब खाली येतो. पंखा क्षणभर मंदावतो, ते आपल्या लक्षात येत नाही. पण राउटर त्या झटक्याने बंद होऊन पुन्हा सुरू होत होता आणि त्याला पूर्ण उभे राहायला दोन-तीन मिनिटे लागत होती. त्यात त्याचा अडॅप्टर जुना होऊन कमजोर झालेला.

इलाज काय झाला? राउटरसाठी मीटरपासून वेगळी वायर ओढली आणि नवा अडॅप्टर घेतला. अडॅप्टर घेताना व्होल्ट जुन्याइतकेच हवेत आणि अँपिअर जुन्याहून कमी नकोत, एवढे पाहावे. दोष केबलवाल्याचा नव्हता, आमच्याच घरातल्या वायरिंगचा होता. पैसे तर वाया गेलेच. पण ज्या मुलाने तीनदा खरे सांगितले त्याला आम्ही खोटे ठरवले होते, याचे वाईट जास्त वाटले. त्याची माफी मागितली.

अशा बिघाडाचा साक्षीदार कोण?

पूर्ण बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणे सोपे असते. मिस्त्री येतो, ती बंदच असते, तो दोष शोधतो. येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाची अडचण अशी की, मिस्त्री येतो तेव्हा बिघाड हजर नसतो. तो दहा मिनिटे पाहतो आणि सगळे ठीक आहे असे सांगतो. आपण म्हणतो रोज तुटते. दोघेही खरे बोलत असतात आणि भांडण होते. हे भांडण मिटवणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे लिहिलेली नोंद.

वहीत फार काही लिहायचे नाही. तारीख आणि वेळ. किती मिनिटे गेले. पेटीवरचे कोणते दिवे विझले, कोणता लाल झाला. फक्त संगणकाचेच गेले की घरातल्या मोबाइलचेही. आणि त्या वेळी घरात, कारखान्यात किंवा बाहेर काय चालू होते. आठ दिवस एवढे लिहिले, तर निम्मे निदान त्यातच होते.

सगळे दिवे विझून पुन्हा लागले, तर दोष विजेचा आहे, इंटरनेटचा नाही. फायबरच्या पेटीवर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला, तर बाहेरून येणारा प्रकाशच पेटीपर्यंत पोहोचत नाही. तार कुठेतरी दुमडली, दाबली किंवा उंदराने कुरतडली असेल. ही तार काचेची असते. ती खिळा मारून भिंतीला घट्ट बसवू नये, कोपऱ्यात करकचून वाकवू नये. दिवे सगळे ठीक, मोबाइल चालू आणि फक्त संगणकाचेच तुटते, तर दोष संगणकात किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. वायरच्या टोकाची प्लास्टिकची छोटी चिमटी मोडली असेल, तर ती वायर धक्का लागला की सैल होते. आपण लाखाचा हिशेब अशा मोडक्या चिमटीवर टांगून ठेवतो!

जेवून परत आल्यावर नेहमी नेट गेलेले आढळते, अशी नोंद असेल तर संगणकाची वीज वाचवण्याची सोय तपासावी. विंडोज संगणकात डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करण्याची परवानगी दिलेली असते. ती खूण काढून टाकावी. यासाठी एक पैसाही लागत नाही.

रात्री आठ ते अकरा हीच वेळ वहीत वारंवार दिसली, तर बहुधा गर्दी हे कारण असते. आपल्या मोहल्ल्यांत घराला घर लागून आहे आणि प्रत्येक घरात वायफाय. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११ क्रमांकाच्या. पन्नास घरे त्या तीन वाटांवर चालली तर धक्काबुक्की होणारच. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा जास्त आहे, पण तो जाड भिंतीपलीकडे लवकर मंदावतो. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, ज्या संगणकावर धंद्याचा हिशेब आहे तो वायफायवर ठेवू नये, वायरने जोडावा. ही वायर १०० मीटरपर्यंत नीट काम देते. आपल्या कोणत्याही घराला एवढी पुरून उरेल.

दोष घरात की बाहेर?

एक सोपी परीक्षा मात्र प्रत्येक दुकानदाराला यायला हवी. संगणकाच्या शोधाच्या जागी सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहिली की काळी खिडकी उघडते. तिथे इंग्रजीत पिंग हा शब्द, जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून टी हे अक्षर लिहावे. राउटरचा पत्ता त्याच्या खालच्या चिठ्ठीवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मग अशीच दुसरी खिडकी उघडून तिथे ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता द्यावा. दोन्ही खिडक्यांत ओळी पडत राहतील. नेट तुटले की त्यांच्याकडे पाहावे. राउटरचेच उत्तर थांबले, तर दोष घरात आहे. राउटर उत्तर देतो आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष राउटरच्या पुढे, बाहेरच्या बाजूला असण्याचा संभव जास्त. दोघेही उत्तर देतात आणि तरी सरकारी साइट उघडत नाही, तर शेवटच्या तारखेची गर्दी त्या साइटवरच असू शकते. तेव्हा राउटरला मारून उपयोग नाही. मासिक विवरणपत्र २० ऐवजी १५ तारखेला भरायची सवय लावणे हाच त्यावरचा इलाज.

कोणी म्हणेल, आम्हांला धंदा सांभाळायचा की वह्या लिहीत बसायचे? ज्याचे काम त्याने करावे. हे म्हणणे आम्हांला पटत नाही. आपला यंत्रमाग कारागीर माग थांबला की आधी पाहतो, ताणा तुटला की बाणा, कांडी संपली की धोटा अडकला. तो काही पहिल्याच मिनिटाला नवा माग विकत आणत नाही. शिलाई कारागीर टाका सुटला की सुई, धागा, बॉबिन याच क्रमाने तपासतो. हीच अक्कल संगणकासमोर बसल्यावर आपण गहाण का टाकतो? एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, हा नियम मागाला लागू आहे तसाच राउटरला लागू आहे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुरू झाले, तर बरे कशाने झाले ते कधीच कळत नाही.

नोंद हातात असली की हक्कही मागता येतो

दोष खरोखरच बाहेरचा निघाला तर वही आणखी उपयोगी पडते. "तुमचे नेट कायम तुटते" या तक्रारीला किंमत नसते. "आठ दिवसांत अकरा वेळा, दर वेळी लाल दिवा, पावसाची सर आली की" या तक्रारीला असते. आधी शेजाऱ्यांना विचारावे. चार घरांचे एकाच वेळी जात असेल तर चौघांनी मिळून तक्रार करावी. तक्रार तोंडी ठेवू नये, तिचा क्रमांक मागून घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि तिथे समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. अपिलाला फी नाही, पण तक्रारीचा क्रमांक लागतो.

आणखी दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. पैसे पाठवताना मधेच कनेक्शन तुटले, तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नयेत. आधी बँकेचा खातेउतारा पाहावा, मग ठरवावे. आणि "तुमचे नेट दुरुस्त करून देतो, संगणकाचा ताबा द्या" असा अनोळखी माणसाचा फोन आला, तर तो ठेवून द्यावा. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी उधारीचा प्रत्येक पैसा लिहून ठेवला, म्हणून धंदे टिकले. लिहिलेल्याला वाद नसतो, हे त्यांनी आपल्याला शिकवले. तुटलेल्या कनेक्शनची दहा-वीस मिनिटे हाही पैसाच आहे, तोही लिहावा. दहा रुपयांच्या वहीने हजारांची खरेदी वाचते, आणि एखाद्या निर्दोष मुलाला बोल लावण्याची वेळही टळते. आमच्या घरी ती वही आजही राउटरशेजारी आहे. गेल्या कित्येक दिवसांत तिच्यात नवी नोंद करावी लागलेली नाही.